हसणारी मुलगी

वाटीत टिंग वाजलं आणि सामसूम घरात लेक ओरडली, "आई, दात पडला! बघ ना!" मी हात पुसून फोन उचलला. ती चार वर्षांची असताना माझी दृष्टी गेली. तेव्हापासून समोर काय आहे ते फोनच सांगतो. "हलू नकोस हं." ती पडद्यात डोकावली. "अगं आई, नुसतं कपाळच येतंय! फोन खाली घे." फोटो निघाला. फोन बोलला, "हसणारी मुलगी. वय अंदाजे आठ." "शहाणाच आहे! सहाची आहे मी. आणि दाताचं कुठे सांगितलं?" पुन्हा काढला. "हसणारी मुलगी. मागे खुर्ची." शेवटी मी बोटानेच चाचपलं. मऊ, ओलसर हिरडी लागली, पण त्या फटीसकट तिचं हसू काही केल्या डोळ्यांपुढे येईना. "मला तू अजून सगळ्या दातांसकटच दिसतेस गं," मी म्हणाले. माझा हात गालाशी धरून तिने हळूच विचारलं, "आई, मग तुझ्या मनातली मी केवढी आहे गं?"