एका तासापुरती

चित्राच्या दारात उभं राहून नगरकरबाई उगाचच घसा खाकरत होत्या. त्यांच्या समावेशक शिक्षणातल्या एम.ए.च्या परीक्षेचा शेवटचा पाठ उद्या होता. वर्गात एक तरी दिव्यांग मूल हवं, ही परीक्षकांची अट. आणि बाईंच्या शाळेत असं मूल औषधालाही नव्हतं.

"एका तासापुरती पाठवा हो पोरीला."

"जूनमध्ये तुम्हीच म्हणालात ना, कुबड्या घेऊन येणारी मुलगी आमच्याकडं नको, पडली-बिडली तर?" चित्राच्या आईनं विचारलं. तरी तेव्हाच शिवून ठेवलेला गणवेश तिनं ट्रंकेतून काढला.

पाठ झकास झाला. चित्रानं दोनदा हात वर केला. शेवटी बाईंनी नेमाप्रमाणं फळ्यावर गृहपाठ लिहिला, "उद्या पहिल्या तासाला दाखवायचा," असं बजावलं. परीक्षक भरभरून गुण देऊन निघून गेले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. "चल गं, रिक्षा थांबलीय," म्हणत त्यांनी कुबड्या पुढं केल्या.

चित्रा फळ्यावरचा गृहपाठ उतरवून घेत होती.

"थांबा ना बाई," ती मान वर न करताच म्हणाली, "उद्या पहिल्याच तासाला दाखवायचाय."