पिवळी रेघ, निळी रेघ

“पाटोळ्या, परत रेघांचे रंग बदललेस? हात मोडून गळ्यात बांधीन!” कुंदा आल्या आल्या खेकसली.

आमच्याकडं लिफ्टचं सर्किट आधी कॉम्प्युटरवर लुटुपुटूचं चालवून बघतात. दार उघडलं की लाल रेघ उठते, लिफ्ट हलली की हिरवी. दोन्ही एकदम उठल्या तर माणूस गेलाच. सकाळपाळीत मी रेघा पिवळ्या-निळ्या करून सेव्ह करायचो, दुपारपाळीत कुंदा शिव्या घालत परत लाल-हिरव्या करायची. लाल-हिरवं मला एकच दिसतं, हे साहेबाला कळलं तर कायमचं घरी बसवील.

त्या दिवशी तिनं साहेबालाच आणलं. “माझ्यासमोर दाराची रेघ लाल कर,” साहेब म्हणाला. रंगांच्या चौकोनांवर माझा हात नुसता फिरत राहिला. शेवटी देवाचं नाव घेऊन एक दाबला.

कुंदानं पडदा बघितला, मग माझं तोंड. साहेब चष्मा शोधेस्तोवर तिनं रेघा पिवळ्या-निळ्या करून सेव्हसुद्धा केलं. “ऱ्हाऊ द्या साहेब. लाल रंगानं माझंच डोकं उठतंय.”

“मग मला कशाला नाचवलंस?” साहेब तिच्यावरच उखडून गेला.

ती माझ्याकडं वळली. “बघतोस काय, मुडद्या? सरक!”