नऊची गाडी

आयोवातल्या त्या गावाचे महापौर आणि घड्याळांच्या कारखान्याचे मालक व्हिटकम धापा टाकत फलाटावर आले, तेव्हा त्यांच्या घड्याळात नऊला पाच मिनिटं कमी होती. लेकीची गाडी नऊची. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तीन महिने ते तिच्याशी बोलले नव्हते. आज ती नवऱ्याबरोबर कायमची कॅलिफोर्नियाला निघाली होती, आणि पहाटेपासून येरझारा घालून त्यांचा हट्ट एकदाचा विरघळला होता.

रूळ मोकळे होते.

“गाडीला उशीर आहे का हो?”

“गेली, साहेब,” स्टेशनमास्तर म्हणाला. “नऊच्या ठोक्याला.”

“अजून वाजायचेत नऊ!”

“ते तुमच्या गावात. रेल्वेनं सगळ्या स्टेशनांना लावलेली नवी वेळ गावच्या घड्याळापेक्षा बारा मिनिटं पुढे. नगरसभेत तुम्हीच ना टेबलावर मूठ आपटलीत, आमच्या गावाला वेळ सूर्य सांगतो, रेल्वे कंपनी नव्हे म्हणून?”

महापौर फलाटाच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“सुटेपर्यंत दारात उभी होती पोर,” मास्तर हळूच म्हणाला.

“पुढच्या स्टेशनवर तार मिळेल तिला?”

“मिळेल. काय लिहू? महापौर वेळेवर आले होते?”

“नको. बाबांना उशीर झाला, एवढंच लिहा.”