धुपकर सरांची शिकवणी

"‘मला वाटतं’ असं लिहिलंयस? तुला काय वाटतं याच्याशी विद्यापीठाला काय देणंघेणं?" धुपकर सरांनी वल्लरीच्या निबंधावर आडवी रेघ मारली. एम.ए.च्या तत्त्वज्ञानात ती एकदा आपटली होती; पुन्हा आपटली तर काकांच्या पंख्यांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं.

"घे लिहून," म्हणत सरांनी ‘माणूस स्वतःला ओळखू शकतो का?’ हा अख्खा निबंध सांगितला. तिने तो स्वल्पविरामासकट उतरवला आणि तसाच विद्यापीठात दिला. तिथे निबंध नावं झाकून तपासतात.

निकाल आला: नापास. खाली शेरा होता, ‘निव्वळ कचरा. याला शिकवणाऱ्याला आधी बालवाडीत घाला.’ अक्षर धुपकर सरांचंच होतं.

वल्लरी तणतणत त्यांच्या घरी गेली आणि तो निबंध त्यांच्या पुढ्यात टाकला. "वाचा, सर."

सरांनी निबंध वाचला, नाक मुरडलं. मग शेरा वाचला आणि प्रसन्न मुद्रेने मान डोलावली.

"अगदी नेमकं लिहिलंय," ते म्हणाले. "कुठल्या गाढवाकडे शिकवणी लावली होतीस गं?"