काळ्या फितीचा फोटो

“तो फोटो जाळलास ना रे?” दर नव्या वर्षाला लाऊ विचारायचा आणि त्याचा दोस्त क्वोंग ठोकून द्यायचा, “केव्हाच!”

हाँगकाँगच्या कँटोनीज सिनेमात लाऊने जन्मभर पडेल ती कामं केली. नायक एकदाच झाला, तोही शेवटी मरणारा. त्या अंत्यविधीच्या प्रसंगासाठी त्याचा काळ्या फितीचा फोटो तयार झाला. जिवंत माणसाचा असा फोटो काम होताच जाळायचा, नाहीतर मरण घर शोधत येतं, हा तिथल्या सिनेमावाल्यांचा रिवाज. पण तो प्रसंग घ्यायच्या आदल्याच दिवशी स्टुडिओच्या मालकांनी काम गुंडाळलं. “आपल्या भाषेतला सिनेमा आता बघतो कोण?”

शूटिंगचं सामान सांभाळणाऱ्या क्वोंगला काडी ओढवेना. फोटो जाळला की सिनेमाही संपला. उद्या परत सुरू झाला तर? या आशेवर त्याने तो बावीस वर्षं कपाटात जपला.

आज लाऊची शवपेटी समोर होती. “भावोजी, ह्यांचा एक धड फोटो नाही हो घरात,” लाऊची बायको रडत म्हणाली. क्वोंगने मान खाली घालून तो आणून दिला.

तिने काच पुसली. “किती देखणे दिसतात! कुठल्या सिनेमातले?”

“पुरा नाही झाला तो, वहिनी,” क्वोंग म्हणाला. “एवढाच प्रसंग घ्यायचा राहिला होता.”