दमणारी गाडी

“काका, ही गाडी दमते का हो?”

मैत्रिणींनी ‘विचारूनच दाखव’ म्हणून डिवचलं होतं; केतकीने भर शोरूममध्ये विचारलंसुद्धा. आई कानकोंडी झाली. सेल्समन हसला. “फोर-व्हील ड्राइव्ह आहे, ताई! घाट एका दमात चढेल. दमायला ही काय तुमची जुनी गाडी आहे?”

बाहेर उन्हात ‘पिस्ता’ उभी होती. आजोबांची, गोल दिव्यांची, पिस्त्याच्या रंगाची. आज ती देऊन नवी घ्यायची, म्हणून बाबांनी तिला न्हाऊमाखू घातलेलं.

केतकीपुढे आंबा घाट तरळला. तिसऱ्या वळणावर पिस्ता दरवेळी तापायची. बाबा बॉनेट उघडून शीळ घालायचे, आई धपाट्यांचा डबा काढायची, खाली दरीत ढग मांडी घालून बसलेले असायचे. घरी न निघणारे विषय तिथे निघायचे. नवी गाडी ते वळण भुर्रकन मागे टाकणार!

बाबांनी सहीसाठी पेन उचललं.

“आई, बाबा, नवी खुशाल घ्या. पण पिस्ता द्यायची नाही. अठराची झाले की तिला घाट मी चढवणार. ती तापली नाही, तरी तिसऱ्या वळणावर थांबणार!”