वरचं बटण

"पॅम्पर म्हणजे नेमकं काय हो, सिस्टर?" नव्या सेविकेनं विचारलं. वृद्धाश्रमाच्या नियमांच्या पाटीवर तो इंग्रजी शब्द सगळ्यांत जाड होता: कुणालाही पॅम्पर करू नये.

"ज्याला जे जमतं, ते आपण करून देणं," सिस्टर गोळ्या मोजता मोजता म्हणाल्या. "आज बटण लावून दिलंस, की उद्या घास भरवायला बसशील. आणि सात नंबरच्या टेलरकाकांचं काय? वरचं बटण परवा लागेना, काल लागेना. दोन दिवस तू 'मदत लागली' लिहिलंयस. आज तिसऱ्यांदा लिहिलंस की नियमाप्रमाणे त्यांना खाली हलवायचं."

खाली म्हणजे तळमजला. अंथरुणाला खिळलेल्यांचे आठ पलंग. तिथे कुणी कुणाशी बोलत नसे.

तक्ता काखेत धरून ती सात नंबरशी आली. दार अर्धवट उघडं होतं. काका आरशासमोर शर्ट घालत होते. बोटं थकलेली, पण हाताची सफाई जुनीच. खालून वर पाच बटणं लागली. सहावं, गळ्याशी असलेलं, तेही एका झटक्यात लागलं.

तिनं पाऊल पुढे टाकलं. चपलेचा आवाज होताच काकांनी सहावं बटण काढलं, हात खाली सोडले आणि हनुवटी वर करून उभे राहिले.

"काका, हे तुम्हाला येतं."

ते चोरी सापडल्यासारखे हसले. "चाळीस वर्षं लोकांच्या ट्रायल घेतल्या, पोरी. गिऱ्हाईक असंच उभं राहायचं, हात सोडून. बटणं मी लावायचो. म्हटलं, आपणही एकदा गिऱ्हाईक होऊन बघावं."

"आणि या हौसेपायी खाली धाडलं म्हणजे?"

काकांची हनुवटी खाली आली. हात मुकाट्यानं गळ्याशी गेला.

"थांबा," ती म्हणाली.

तिनं बटण लावलं. सावकाश लावलं. कॉलर सारखी केली, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि खांद्यावरचा नसलेला दोरा झटकला. मग तक्त्यावर लिहिलं: मदत लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तेव्हा वरचं बटण उघडं होतं. दोन्ही मनगटांचीही.

तिनं आत येऊन दार लोटून घेतलं.